नकटीचं नाक

२८ डिसेंबर

नकटे,

सोबत एक निळी कापडी पिशवी पाठवते आहे. तोंड शिवून बंद केलंय, उसवत बसू नकोस. आत गच्चीवरच्या कुंड्यांतली फुलं आहेत, सावलीत वाळवलेली. कपाटात कपड्यांच्या मधे ठेव. गिऱ्हाइकांचे कपडे दुरुस्त करताना निळ्या कापडाचे बरेच तुकडे उरले होते, त्यांच्या पिशव्या केल्या. काहींत फुलं भरली, काहींत कुटलेल्या डांबरगोळ्या, कारण माझ्या कपाटात कसर लागली आहे. आमच्या घरात सध्या शिवणकाम कमी आणि पुड्या बांधणंच जास्त चाललंय.

फोन का करत नाही म्हणून विचारलंस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. मग तू म्हणतेस मी असं म्हणालेच नव्हते, आणि आपली जुंपते. त्यापेक्षा कागद बरा.

पण तुझी पत्रं! तुझी आई गेल्यापासून तू जे काही पाठवतेस त्याला पत्र म्हणवत नाही. सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस वाटते. 'सर्व ठीक. खारूची परीक्षा झाली. तुझे जावई बरे आहेत.' अगं, ती माझीही बहीण होती. रड, भांड, काहीतरी कर. ते जमत नसेल तर निदान एक नियम करू. प्रत्येक पत्रात त्या आठवड्यातली एक तरी बरी गोष्ट लिहायची. मोठी नको, चिमूटभर चालेल.

माझी सांगते. सकाळी प्रार्थनेला बसायला गेले तर खुर्चीवर ऊन आलं होतं, आणि शेजारचं मांजर माझ्याआधी तिथे जाऊन बसलं होतं. त्याला उठवलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच भाडेकरू आहे. मग मी स्टुलावर बसून देवाला तुझं नाव सांगितलं. रोजच सांगते. तूही बसत जा थोडा वेळ. काम काय, ते जन्माला पुरलंय.

लहानपणी तुझ्या चपट्या नाकावरून मी तुला नकटी म्हणायचे, आणि पुढे त्याच नाकावर तू साबणाच्या कारखान्यात नोकरी मिळवलीस. 'माझी भाची वास तपासते' असं सांगितलं की गिऱ्हाइकं शिलाईचा भाव विसरतात. तर आता त्या नाकाने माझी फुलं तपास आणि पास की नापास ते कळव.

तुझी मावशी


९ जानेवारी

मावशी,

पिशवी मिळाली. पास. पहिल्या नंबराने पास. कपाट उघडलं की समोर बाग उभी राहते. परवा तुझे जावई शर्ट काढताना म्हणाले, "काय ठेवलंयस इथे? केवढा वास!" मी म्हटलं, मावशीच्या हातची कमाल आहे. ते शर्ट चढवून निघाले. त्यांना फुलांतलं काय कळतंय.

इकडे नेहमीचंच. उठते, डबे भरते, खारूच्या वेण्या घालते, ती एक मोजा हरवते, तो शोधते, बस पकडते. कारखान्यात दिवसभर कागदाच्या पट्ट्या नाकाखाली धरते. परत येते, भाजी चिरते, खारूचा अभ्यास घेते, भांडी घासते. आईच्या दिवसांत आलेला तो ताप पुन्हा आला नाही. तब्येत ठीक आहे.

आईचा तपकिरी स्वेटर मी आणलाय ना, तो अजून तसाच आहे. दवाखान्यातून आणला त्याच दिवशी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गाठ मारली. वरच्या फळीवर ठेवलाय. उघडला तर वास उडून जाईल, म्हणून उघडत नाही.

नियमाप्रमाणे बरी गोष्ट : मंगळवारी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली.

प्रार्थनेचं बघते. तुझ्यासारखी श्रद्धा सगळ्यांनाच मिळत नाही, मावशी. तू म्हणजे दगडी बांध. आम्ही आपले वाहून जाणारे.

तुझी नकटी


१८ जानेवारी

नकटे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग उठून माझं कपाट उघडलं. तर माझ्या लोकरीच्या कपड्यांना भोकं पडली आहेत आणि कपाटात फुलांचा घमघमाट सुटलाय.

आलं का लक्षात? पार्सल बांधलं तेव्हा माझं नाक सर्दीने चोंदलेलं होतं. दोन्हींच्या पिशव्या दिसायला सारख्या. फुलं माझ्याकडे राहिली आणि तुला मी डांबरगोळ्या पाठवल्या. पोस्टातल्या माणसाने हातभर लांब धरून पार्सल घेतलं होतं, ते मला आज कळतंय.

माझं नाक तेव्हा बंद होतं. तुझं कशाने बंद आहे?

माझं मन राखायला खोटं बोललीस म्हणावं, तर ते तुझ्या स्वभावात नाही. लग्नात मी दिलेल्या अत्तराला तू भर मांडवात 'मुंग्यांच्या औषधासारखं' म्हणाली होतीस. तीच तू डांबरगोळ्यांना बाग म्हणतेस? आणि जावयांनी वास येतोय म्हटलं तेही कौतुक समजून बसलीस. मला काळजी वाटते. खरं काय ते लिही.

मावशी


१० फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. रागावलीस का? रागावली असशील तर तसं लिही, तेही चालेल. फोन केला होता. खारूने उचलला आणि भराभरा बरंच काही सांगितलं. त्यातलं मला 'आई' आणि 'मोजा' एवढंच ऐकू आलं.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

रागावले नाही. रागवायलाही काहीतरी लागतं आत. काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून राहिलं.

मला वास येत नाही. कसलाच नाही. आईच्या दिवसांत तो ताप आला होता ना, त्यातून उठले ती अशीच. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग भेटायला येणारी माणसं, कागदपत्रं, तिची खोली रिकामी करणं, त्या गडबडीत लक्ष दिलं नाही. एके सकाळी दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, खारू खोकत आली आणि मी गॅससमोरच उभी होते. तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही, वाट बघायची. हे त्यांनी असं सांगितलं की जसं काही बस उशिरा येणार आहे.

जेवणाचंही तसंच झालंय. मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी सगळं ओल्या कागदासारखं. तुझ्या जावयांना सांगितलेलं नाही. ते सध्या दोन पाळ्या करतात, घरी येतात ते झोपायलाच. कपाटाचं विचारलंस ना, काल त्यांना विचारलं. म्हणाले, 'मला वाटलं डांबरगोळ्या तू मुद्दाम ठेवल्यास.' पिशवी अजून तिथेच आहे. काढायचं बळ आलं नाही.

कारखान्यात कुणालाच माहीत नाही. तू विचारशील, मग काम कसं करतेस? सांगते. आमच्याकडे प्रत्येक बॅचचा वास दोघींनी घ्यायचा असतो. एक मी, एक केमिस्ट. ती वयाने लहान आहे, पण हुशार. समोरासमोर बसायचं, पट्टी नाकाखाली धरायची, एकमेकींशी न बोलता आपापल्या कागदावर शेरा मारायचा. मी तिच्या नाकपुड्या बघते. बरा वास असला की तिची मान जरा मागे जाते. काही बिघडलं असलं की डाव्या भुवईपाशी आठी पडते. मग मी माझा शेरा मारते. इतके दिवस एकदाही चुकले नाही. ती तर मला म्हणते, "ताई, आपलं दोघींचं नाक किती जुळतं!"

वाईट वाटतं का? वाटायला हवं. मला सध्या तसं काही वाटत नाही. आई गेली तेव्हाही रडले नाही, तू बघितलंसच. लोक म्हणाले, खंबीर आहे. मी आपली चहाचे कप गोळा करत होते.

एका गोष्टीची मात्र भीती वाटते. ती वरच्या फळीवरची पिशवी. आईचा वास कसा होता ते आठवायला जाते आणि काहीच सापडत नाही. शेकडो वासांना मी नावं दिली, मावशी. ओलं लाकूड, गरम इस्त्री, नव्या वहीचं पान. आईच्या वासाला कधी नाव दिलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. तो तेवढ्या एका स्वेटरमध्ये उरलाय आणि तो घ्यायला माझ्याकडे नाक नाही. नाक परत येईपर्यंत थांबावं तर तोवर तो उडून जायचा.

बरी गोष्ट काही नाही या वेळी. नियम मोडला.

नकटी


३ मार्च

माझ्या नकटे,

आधी कामाचं. त्या केमिस्ट मुलीला खरं सांग. उद्याच सांग. तिच्या भुवईवर तू किती दिवस नोकरी करणार? तिला एकदा सर्दी झाली की तुझं पितळ उघडं पडेल, आणि भरडली जाईल ती. मी लोकांचे कपडे उसवून शिवते म्हणून सांगते, चुकीच्या टाक्यावर पुढचे टाके घालत गेलं की शेवटी सगळंच उसवावं लागतं.

आता दुसरं. तू मला दगडी बांध म्हणालीस. ते वाचून मी हसले आणि मग मला माझीच लाज वाटली. तू खरं लिहिलंस, तर मलाही लिहिलं पाहिजे.

तुझे काका गेल्यापासून मी रोज त्या खुर्चीवर बसते, डोळे मिटते, हात जोडते. आणि काही होत नाही. पूर्वी व्हायचं. छातीत मऊ मऊ व्हायचं, कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. ते गेलं ते गेलंच. आता भिंतीशी बोलल्यासारखं बोलते. तुझं नाव सांगते, खारूचं सांगते, जावयांचं सांगते, आणि डोळे उघडते तर समोर तेच मांजर. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. तिला वाटायचं मी फार पोचलेली आहे. आजारपणात ती मला म्हणायची, 'तू सांग ना देवाला, तुझं ऐकतो तो.' मी हो म्हणायचे.

मग बसतेस कशाला, असं विचारशील. एक तर ती खुर्ची उन्हात आहे. माझ्या गुडघ्यांना ते ऊन लागतं. दुसरं म्हणजे, मी बसले नाही तर तुमची नावं दिवसातून एकदा तरी कोण घेणार? मला काही वाटो न वाटो, नावं घेतली जातात. देवाच्या दारात मी हजेरी लावून येते. आत बोलावतील तेव्हा बोलावतील.

तेव्हा तुला वाटत नाही म्हणून तू वाईट ठरत नाहीस, एवढं डोक्यात घे. डबे भरतेस ना? खारूचा मोजा शोधतेस ना? ते चालू ठेव. आणि त्या डांबरगोळ्या आजच्या आज बाहेर काढ, नाहीतर जावयांच्या शर्टांना जन्मभर वास येत राहील.

बरी गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून तुझ्या वाट्याची मीच लिहिते. तुला खरं सांगून टाकलं आणि चहा जरा गोड लागला. साखर तेवढीच घातली होती.

तुझी मावशी


२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. उत्तराला उशीर झाला, कारण तू म्हणालीस तस्सं घडलं. मी केमिस्टला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, आणि ती समोर येऊन बसली की पट्टी उचलायचे.

तिला सर्दी झाली. ती बिचारी सांगायला गेली की आज नाक काम देत नाही, तर साहेब म्हणाले, 'ताई आहेत ना, त्यांच्या नाकावर सोडा.' त्या दिवशी पिवळ्या वडीची बॅच होती. आमचा सगळ्यात जुना आणि साधा साबण. तेल खवट झालं होतं. मी पट्टी नाकाखाली धरली, तिच्याकडे बघितलं. ती रुमालात तोंड घालून बसलेली, भुवई कुठून दिसणार! मी 'ठीक' असा शेरा मारला. माझा बघून तिनेही मारला.

माल दुकानांत गेला आणि परत आला. बायका म्हणाल्या, हा साबण लावला की जुन्या तेलाच्या डब्यात हात घातल्यासारखं वाटतं. साहेबांनी दोघींना बोलावलं आणि बोलले मात्र तिलाच. 'ताईंचं नाक चुकणं शक्य नाही, तुम्हीच नमुना बदलला असणार.' ती रडायला लागली. मी तिथे उभी होते. मला काही वाटत नव्हतं, खरंच सांगते, अंगाला बधिरपणाचं इंजेक्शन दिल्यासारखं झालं होतं. पण तू लिहिलेलं आठवलं, वाटो न वाटो, करायचं. मी म्हटलं, साहेब, मला वास येत नाही. हिवाळ्यापासून येत नाही. मी हिच्या तोंडाकडे बघून शेरे मारते.

साहेबांना आधी वाटलं मी तिला वाचवायला खोटं बोलते आहे. त्यांनी कसलीतरी बाटली उघडून माझ्या नाकाशी धरली. मी तशीच उभी राहिले. ते स्वतःच दोन पावलं मागे सरले.

नोकरी गेली नाही. जुनं माणूस म्हणून पॅकिंगला टाकलंय. केमिस्ट पहिले काही दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे. काल जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर येऊन बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्या भुवईकडे बघायचात होय? मला वाटायचं माझी टिकली वाकडी लागली आहे." मग आम्ही जेवलो.

पॅकिंगला मी पिवळ्या वडीवरच आहे. वड्या सरकत्या पट्ट्यावरून येतात त्या अजून कोमट असतात. हातात घ्यायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात ठेवायची. डोकं लागत नाही. हाताला ऊब लागते. ही बरी गोष्ट म्हणून धर.

घरी तुझ्या जावयांनाही सांगितलं. ते उठले आणि गॅसचं बटण तपासून आले. आता रोज तपासतात. त्यांची माया अशीच, बटणं तपासणारी.

खारूने मात्र नवीन खूळ काढलंय. मी कामावरून आले की धावत येते, माझे दोन्ही हात धरते, तळव्यांत तोंड खुपसते आणि ओरडते, 'आजी आली, आजी आली!' पहिल्यांदा थट्टा वाटली. रोज व्हायला लागलं तेव्हा परवा मी तिला खसकन मागे सारलं. म्हटलं, आजी गेली, ती येत नसते, असले खेळ खेळायचे नाहीत. ती रडली नाही. 'बरं,' म्हणाली आणि मोजे काढत बसली. आईची आठवण येत असेल तिला. मला येत नाही, आणि तिला येते, म्हणून मला राग आला असेल.

स्वेटर वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तुझी सर्दी गेली असेल तर तू उघड. तुझ्या नाकाने वास घे आणि मला लिहून कळव, कसा आहे ते. मी वाचेन. एवढंच हाताशी उरलंय. फक्त माझं मन राखायला काही लिहू नकोस. काही उरलं नसेल तर उरलं नाही असं लिही.

नकटी


११ एप्रिल

नकटे,

पार्सल आलं. टेबलावर आहे, अजून सोडलं नाही. एकदा गाठ सुटली की सुटली. तुझं नाक उद्या परत आलं तर 'मावशीने घालवला' असं व्हायचं. नीट विचार करून कळव. मी थांबते. मांजराला त्या खोलीत जाऊ देत नाही.

मावशी


१६ एप्रिल

मावशी,

उघड.

नकटी


२२ एप्रिल

माझ्या बाळा,

आज सकाळी उघडला. खिडक्या लावून घेतल्या, हात धुतले, साबण न लावता, उगाच दुसरा वास मिसळायला नको म्हणून. खुर्चीत बसले आणि तुझी गाठ सोडली. काय गाठ मारली होतीस! शेवटी दातांनी सोडवली.

वरच्या पिशवीला डांबरगोळ्यांचा वास होता, माझ्याच कर्माचा. ती लांब टाकली. आतली उघडताना मला धडकी भरली होती. वाटलं, आत फक्त प्लास्टिकचा वास असेल, आणि मग तुला काय लिहू? खोटं लिहायचं नाही असं तू बजावलेलं.

स्वेटर तोंडाशी धरला. नकटे, ती होती. अगदी होती. माझ्या तोंडून 'अगं' असा शब्द निघाला, ती दारातून आत आली की मी म्हणायचे तसा.

आता कसा ते सांगते. मला तुझ्यासारखी वासांची नावं येत नाहीत. गळ्यापाशी थोडं खोबरेल तेल. बाह्यांना दवाखान्याचं औषध, अगदी थोडं. आणि बाकी सगळा, सगळा स्वेटर, साबण. तुमची पिवळी वडी.

आधी वाटलं, वरचेवर धुतल्यामुळे असेल. मग खिशात हात घातला तर रुमालात गुंडाळलेली अर्धी वडी निघाली, एका बाजूने चेपलेली. तेव्हा सगळं आठवलं. साच्यातून वाकड्या निघालेल्या वड्या तुम्हाला घरी न्यायला मिळायच्या ना, त्या तू तिला द्यायचीस. ती त्या अंगाला कधी लावायची नाही. मला एकदा दाखवलं होतं, कपाटात प्रत्येक घडीत एक वडी, उशीखाली एक, पर्समध्ये एक. मी म्हटलं, अगं, लाव की, साबण आहे तो. तर म्हणाली, "माझ्या लेकीने पास केलेला वास आहे. पाण्यात कशाला घालवू?" अंगाला दुकानातला दुसरा आणायची. खोली रिकामी करताना तुलाही त्या वड्या दिसल्या असतील, उरलेला साबण म्हणून बाजूला ठेवल्या असशील.

तुला तिच्या वासाचं नाव सापडत नव्हतं, ते यामुळे. तू दिवसभर त्यातच असायचीस. तिच्याजवळ गेलीस की तुला वेगळं काही कळणार कसं? तिला तुझाच वास यायचा, बाळा. तू शेरा मारलेला.

मी रडले. तुझ्याही वाटचं रडले, तो हिशोब मिटला असं समज. प्रार्थनेत मात्र आजही काही झालं नाही, खोटं कशाला सांगू. पण तुमची नावं घेताना स्वेटर मांडीवर होता आणि मांजर त्यावर बसायला बघत होतं. त्याला बसू दिलं नाही.

आता मला एक सांग. पिवळ्या वड्या दिवसभर हातात घेऊन तू घरी येतेस, आणि पोरगी तुझ्या तळव्यांत तोंड खुपसून म्हणते आजी आली. तिचं काय चुकलं होतं? घरात एक तरी नाक शाबूत आहे, त्याच्यावर कशाला ओरडतेस?

स्वेटर पुन्हा बांधून ठेवलाय. तुला हवा तेव्हा पाठवीन.

तुझी मावशी


३० एप्रिल

मावशी,

तुझं पत्र कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून वाचलं. मग समोरची वडी उचलली आणि नाकाला लावली. काही नाही. गरम होती, एवढंच. तरी जरा वेळ तशीच धरून ठेवली. पट्ट्यावर माझ्यापुढे वड्या साचत गेल्या, शेजारची ओरडली, तेव्हा खाली ठेवली.

रडू आलं नाही. येईल तेव्हा येईल. तू तुझ्या देवाच्या दारात हजेरी लावतेस ना, तसं मी आता इथे लावते म्हण.

स्वेटर तुझ्याकडेच राहू दे. थंडीत घालत जा. तुला बसेल.

संध्याकाळी घरी आले तर खारू दारात आली आणि थांबली. त्या दिवशीच्या ओरड्यापासून ती लांबच उभी राहते. हात पाठीमागे घेऊन. मी चप्पल काढली, पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच आली आणि वास घेतला.

मी विचारलं, "कोण आलंय?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "आजी."

मी म्हटलं, "मग तिला बस म्हण. मी चहा टाकते."

तुझी नकटी